अंधार मोजणारा याशिका

तीस सेकंद! आकडा नीट वाचा. १९६६ साली जपानी बाजारात आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा कॅमेरा काळोखात शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते स्वतः ठरवतो आणि गरज पडलीच तर तीस सेकंदांपर्यंत धरून बसतो. माझ्याकडे आलाय तो त्याचा धाकटा भाऊ, १९७३चा जीएसएन. चांगला पाऊण किलोचा! तो आल्यापासून मी घरातला कोपरान् कोपरा त्याला दाखवत फिरतेय.

आधी व्ह्यूफाइंडर. मधोमध पिवळसर ठिपका आणि त्यात समोरच्या वस्तूची दुसरी प्रतिमा. लेन्सची रिंग फिरवली की दोन्ही सरकत सरकत एकमेकींवर बसतात. बसल्या की फोकस पक्का. हाच रेंजफाइंडर. आता बटण अर्धं दाबा. लाल बाण लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर शटर मंद चालणार, हात स्थिर ठेवा. शिवाय अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या छिद्राची, रिंग कुठल्या बाजूला फिरवायची तेही बाणच दाखवतो!

अ‍ॅपर्चर तुम्ही निवडायचं, वेळ कॅमेरा निवडणार. पण कसा? दर्शनी भागावरच्या छोट्या खिडकीत कॅडमियम सल्फाइडचा सेल आहे. उजेड कमी झाला की त्याचा विद्युतरोध वाढतो, कपॅसिटर भरायला वेळ लागतो, आणि तो भरेपर्यंत विद्युतचुंबक शटर मिटू देत नाही. एवढंच! त्यामुळे १/६० आणि १/१२५ यांच्या अधलामधला कुठलाही वेग त्याला चालतो. आणि खरी गंमत पुढेच. मोजणी शटर उघडं असतानाही चालूच असते. जिन्यात दिवे मालवून बटण दाबलं. टक्... मग काहीच नाही. सेलवर टॉर्च मारला आणि लगेच खट्! शटर मिटलं. मी अक्षरशः ओरडले. मग तेच पुन्हा, आणि पुन्हा.

त्या काळात जपानी कंपन्यांना या स्वयंचलितपणाचं जणू वेडच लागलं होतं. १९६१च्या कॅननेटमध्ये उलटा कारभार: शटरचा वेग तुमचा, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याचं. मिनोल्टा हाय-मॅटिक तर दोन्ही स्वतःच ठरवायचा. अमेरिकेत तो अ‍ॅन्स्को ऑटोसेट या नावाने विकला जाई. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी तो फ्लोरिडातल्या एका औषधाच्या दुकानातून घेतला, नासाच्या माणसांनी उलटा करून त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली आणि २० फेब्रुवारी १९६२ रोजी तो पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला!

तरी माझा जीव याशिकावरच. एफ १.७ची लेन्स, कुजबुजल्यासारखं शटर, आणि बॅटरी संपली तरी १/५००वर चालणारा हट्टीपणा. मूळची पाऱ्याची ५.६ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही, पण अ‍ॅडॉप्टर घालून ६ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी मजेत चालते.

रोल अजून धुवायला दिलेला नाही. फोटो कसे आलेत देव जाणे! पण जुन्या बाजारात असा कॅमेरा दिसला तर आधी रोल पुढे सरकवायचा खटका ओढा आणि कान द्या. आतून ठक्क असा आवाज आला तर शटरमागची रबराची गादी बहुतेक शाबूत आहे. मग घासाघीस करत बसू नका, घेऊन टाका!