वीणेची दांडी वाकली तर

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहारा बदलला की ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पण सप्ताह उठल्यावर वर्षभर ती कुठं असते? पत्र्याखालच्या खुंटीला, तारा तशाच ताणलेल्या! उन्हाळ्यात वरून धग, पावसाळ्यात भिंतीची ओल. मग दांडी झुकते, तारा उचलतात, सूर टिकत नाही.

आमच्या देवळातल्या वीणेचं हेच झालं. पोरं म्हणाली, "ठेवा माळ्यावर. मोबाईलवर तंबोरा वाजतो की!" म्हातारी मंडळी गप्प झाली. त्यांच्या वडिलांनी सुगीला पायली-पायली धान्य जमवून ती वीणा घेतली होती. शेवटी मी ती मिरजेला नेली.

तंतुवाद्यांसाठी मिरजेचं नाव दीडशे वर्षांहून जुनं. 2024 साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरानं आधी तारा सैल केल्या. मग दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला. दोऱ्याखाली कुठंच फट नव्हती. म्हणजे लाकूड सरळच होतं. भोपळा आणि दांडी यांचा सांधा ओलीनं उकलला होता. जुना सरस खरवडून त्यानं नवा लावला, सांधा दोरीनं आवळला आणि वाद्य सावलीत वाळू दिलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावची वीणा वाकडी दिसली तर आधी तारा उतरवा आणि दोरा धरून पाहा. मधे फट दिसली तर दांडीच वाकली समजा. मग ती गुडघ्यावर दाबू नका, उन्हात घालू नका, विस्तवावर शेकू नका. ती आतून पोकळ असते, चिरायला वेळ लागत नाही. ओल्या लाकडाचा हळस उन्हात वाळवला तर काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं? बाक थोडा असेल तर जाणता कारागीर घोडी उतरवून, जवारी पुन्हा काढून काम भागवतो. फारच असेल तर भोपळा तोच ठेवून दांडी नवी बसवता येते. वीणा टाकून देण्याची पाळी सहसा येत नाही.

आणि सप्ताह उठला की तारा थोड्या सैल करून, गवसणी घालून ती कोरड्या जागी ठेवा. दिवसभराचं काम झाल्यावर बैलाच्या मानेवरचं जू आपण उतरवतोच ना?