उजेडाची तार

मार्चमध्ये वास्तुशांत झाली आणि धुळ्याचं देवपुरातलं भाड्याचं घर सोडून आम्ही जळगावला आलो, पिंप्राळ्याच्या पुढच्या एका नव्या कॉलनीत. तीन-चार वर्षांपूर्वी इथं कपाशी उभी होती. आता बावीस घरं आहेत, त्यांतल्या चौदांत माणसं राहतात. मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, त्यामुळं नेट लवकर हवं होतं. ते काम मी अंगावर घेतलं. आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं, तारांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पैसे भरले की कुणीतरी येऊन जोडून देईल, एवढीच माझी समजूत.

कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला, ‘सेवा उपलब्ध’ असं आलं. लगेच पैसे भरले. तिसऱ्या दिवशी कंपनीचा एक पारोळ्याकडचा मुलगा आला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन खांब न्याहाळून परतला आणि म्हणाला, “काकू, आठे बॉक्सच नई शे.” बॉक्स म्हणजे खांबावरची ती काळी पेटी. तिच्यात स्प्लिटर असतो. मुख्य तारेतून आलेला उजेड तो आठ किंवा सोळा घरांना वाटून देतो. मी वहीत ‘वाटण्या करणारा’ असं लिहून ठेवलं. आमच्या जवळचा बॉक्स मुख्य रस्त्यावर, चारशे मीटर लांब, आणि त्यातली सगळी पोर्टं भरलेली. पिनकोड अर्ध्या शहराचा असतो, हे पैसे भरण्याआधी माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

बॉक्सची सोय होईतोवर स्वस्थ बसवेना, म्हणून गोलाणी मार्केटमधून चांगला राउटर घेऊन आले. तो मुलगा दुसऱ्यांदा आला तेव्हा मोठ्या हौसेनं त्याच्यापुढं ठेवला. त्यानं उलटा करून बघितला. “काकू, यात फायबर लागत नाही.” तारेतून येतो तो उजेड, आणि आपल्या मोबाइल-लॅपटॉपला कळते ती वीज. उजेडाची वीज करणारी ओएनटी नावाची वेगळी डबी लागते, ती कंपनीच देते, आणि बहुतेक वेळा वायफायही तिच्यातूनच मिळतं. मी तिला दुभाषी म्हणू लागले. राउटर अजून खोक्यात आहे.

मग तार गल्लीत आणायची तर खांबांचा प्रश्न आला. गल्लीतले खांब महावितरणचे, त्यांवरून परवानगीशिवाय वायर नेता येत नाही. रस्ता खोदायचा तर ज्याच्या ताब्यात रस्ता त्याच्याकडं अर्ज करायचा. तारा नेण्याच्या हक्काचे, म्हणजे मार्गाधिकाराचे, केंद्राचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. पण आमचे रस्ते महापालिकेच्या ताब्यात गेलेलेच नव्हते, कागदावर ते ले-आऊट पाडणाऱ्यांचेच होते. घर घेताना मी सातबारा पाहिला, एनएचा आदेश पाहिला, पाण्याचा दाब पाहिला. रस्ता कुणाचा, हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

कंपनीचं म्हणणं पडलं, दहा घरांची मागणी आणि ले-आऊटवाल्यांचं ना-हरकत पत्र द्या, आम्ही स्वतःचे खांब रोवतो. वही घेऊन मी दारोदार गेले. तोवर शेजारच्या तीन घरांची आडनावंही मला माहीत नव्हती. कोपऱ्यावरच्या आप्पांचा मुलगा दुबईला. मोबाइलवर नातवाचा चेहरा सारखा अडकतो, म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी सही केली. अकरा सह्या झाल्या, ले-आऊटवाल्यांचं पत्रही मिळालं. खांब रोवायच्या दिवशी आप्पा स्वतः खड्ड्यापाशी उभे राहिले. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, खांब कलतो. त्यांनी खड्डे आणखी हातभर खोल करवून घेतले आणि खडी-सिमेंट ठासून भरवलं. मी तिथं पाणी द्यायच्या कामाची होते.

तार घरात घेताना अडलं. बांधकामाच्या वेळी भिंतीत रिकामा पाइप टाकून ठेवायचा असतो, तो मी टाकलेला नव्हता. टीव्हीचा पाइप होता, पण त्यात काटकोनी एल्बो. तार तिथं वाकली की उजेड बाहेर निसटतो. विहिरीत बुडी मारून तिरकं वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. काचेच्या तंतूतला उजेडही असाच काठावर आदळत, पुन्हा आत वळत पुढं जातो. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द १९६० मध्ये रूढ केला तो पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी, हे त्या रात्री वाचलं आणि फार बरं वाटलं. खिडकीच्या चौकटीला मात्र नवं भोक पाडावं लागलं.

जोडणीचं काम मी अगदी जवळून पाहिलं. मुलानं तारेचं काळं आवरण सोललं, मग आतलं रंगीत. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्यावर दोन बोटांत उरला तो काचेचा केस, सव्वाशे मायक्रॉनचा. उजेड जातो तो गाभा तर त्याच्याही आत, नऊ मायक्रॉनचा. कटरमध्ये ठेवून टक्कन तोडला. तुटलेला कण त्यानं चिकटपट्टीवर टिपून घेतला. पायात गेला तर सापडत नाही, म्हणाला. यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, मध्ये निळसर ठिणगी उडाली आणि रेघ एक झाली. मी श्वास धरून होते हे नंतर कळलं.

तो गेला आणि मी कपाट भिंतीला सरकवलं. डबीवर लाल दिवा लागला, एलओएस, म्हणजे उजेड हरवला. दुसऱ्या दिवशी उजेड मोजायच्या मीटरवर वजा ३१ आलं. कपाटामागं तारेचं वेटोळं चेपलं होतं, माझ्याच हातून. मोकळं केल्यावर वजा १९. दर तीन अंकांना उजेड निम्मा होतो. म्हणजे मी कपाट ढकलून उजेड सोळाव्या हिश्श्यावर आणला होता.

शंभरचा प्लॅन घेतला आणि फाइल उतरताना आकडा बारा दिसतो, अशी तक्रारही मी करून बसले. शंभर ते मेगाबिट, बारा ते मेगाबाइट, आठानं भागायचं.

जूनच्या पहिल्या वादळात कॉलनीची वीज गेली. वाटेतल्या पेटीला वीज लागत नाही, घरातल्या डबीला लागते. म्हणून मुलीनं तिला बारा व्होल्टची छोटी बॅटरी लावली होती. अंधारात आप्पांचा फोन आला. “बाई, वीज आली, पण नेट नाही. नातू वाट पाहतोय.” समोर पाहिलं तर त्यांच्या बाजूचे दिवे लागलेले होते.

“आप्पा, पॉन लिहिलेला दिवा हिरवा आहे का?”

“लुकलुकतोय.”

“स्थिर होऊ द्या. मी फोनवर थांबते.”

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. दीडेक मिनिटानं म्हणाले, “थांबला.” आणि फोन ठेवायचं विसरून ते नातवाशी बोलू लागले.