कोवळे आणि जून

आमच्या संग्रही बागकामावरचे एक जुने पुस्तक आहे. बी किती खोल टोचावे, दोन रोपांत किती अंतर राखावे, खत केव्हा घालावे, याचे त्यात पानेच्या पाने विवेचन आहे. परंतु लागलेले फळ तोडावे केव्हा, या प्रश्नापाशी येताच ग्रंथकार ‘योग्य वेळी काढणी करावी’ एवढेच सांगून मोकळा झाला आहे. ती योग्य वेळ कोणती, हे कळण्यासाठी आम्हांस चार पावसाळे आणि एक दुधी भोपळा खर्ची घालावा लागला.

आमचे परस म्हणजे घरामागची चार वाफ्यांची जागा. पहिल्या वर्षी मृगाचा पाऊस पडताच आम्ही तेथे भेंडी लावली. भेंडीला फूल आले, फुलामागून बोटाएवढी शेंग आली, आणि आमचा लोभ जागा झाला. आज ही बोटाएवढी आहे, परवा वीतभर होईल, मग घरातल्या पाच माणसांस पुरेल, असा हिशेब करून आम्ही थांबलो. परवा ती वीतभर झाली खरी, परंतु विळीवर धरताच करकरू लागली. मंडईत भेंडीचा शेंडा मोडून पाहणाऱ्या बायकांवर भाजीवाली डाफरते, तेव्हा आम्ही आजवर मनातून भाजीवालीच्या बाजूचे होतो. आता कळले की त्या बायका शास्त्रच जाणत होत्या. शेंडा कटकन मोडला तर भेंडी कोवळी. नुसताच वाकून लोंबकळला तर जून. फूल उमलल्यापासून चार-सहा दिवसांत तिचा हा काळ सरतो.

याहून मोठी गोष्ट आम्हांस पुढे उमगली. आपली भाजी व्हावी, अशी झाडाची मुळीच इच्छा नसते. त्याला बी धरावयाचे असते. एकदा बी पक्व होऊ लागले की आपले जन्माचे काम झाले असे जणू समजून ते नवी फुले धरण्यात हात आखडता घेते. म्हणून दिवसाआड शेंगा तोडणाऱ्याला झाड भरभरून देते, आणि ‘अजून थोडे वाढू दे’ म्हणणाऱ्या कृपणाच्या पदरी जून शेंगा पडतात.

अर्थात कोवळेपणा हाच सर्वत्र नियम, असे मात्र नव्हे. लाल भोपळा देठ वाळून साल नखाला दाद देईनाशी झाल्यावाचून काढू नये. घाईने काढलेला भोपळा टिकत नाही. कांद्याच्या पाती माना टाकू लागल्या, की मगच तो उपटावा. टोमॅटोवर लालीची पहिली छटा दिसली की तो घरात आणून ठेवला तरी पिकतो. मेथी फुलावर येण्यापूर्वी खुडावी. मुळा काढावयाचा राहून गेला, तर तेवढीच त्याची उदारता की तो डिंगऱ्यांची भाजी देतो! प्रत्येकाची खूण निराळी, आणि ती त्याच्याजवळ जाऊन, हात लावूनच कळते.

आता त्या दुधीविषयी. तिसऱ्या वर्षी मांडवावर पहिलाच दुधी लोंबला, तेव्हा श्रावण नुकता लागला होता. त्याच सुमारास आमच्या मातोश्रींचा कोकणातून निरोप आला : “आठ दिवस यावं म्हणते.” आम्ही उलट कळविले, की आता येथे पावसाची झड आहे, बागेतही पाहण्यासारखे काही नाही, गणपतीला यावे, तोवर मांडव भरलेला असेल. तो पहिला दुधी त्यांच्याच हस्ते उतरवावयाचा, असे ठरवून आम्ही कोणास त्याला हात लावू दिला नाही.

गणपतीला त्या आल्या. दुधी हातभर लांब झाला होता, आणि आम्ही मोठ्या अभिमानाने त्यांस मांडवाखाली नेले. त्यांनी सालीवर अंगठ्याचे नख टेकले. नख रुतले नाही. मग त्यांनी वेलावर पिवळी पडून सुकलेली तीन इवली फळे दाखविली आणि हसून म्हणाल्या, “अरे, माझ्यासाठी कशाला राखलास? वेलानं सगळं बळ यातच घातलं. आता हा बियाला ठेव. कोवळं असतं तेव्हाच खावं, आणि खायला घालावं.”

त्यांच्या मनात रोष नव्हता. परंतु श्रावणातला तो निरोप आम्हांस आठवला, आणि आम्ही खाली पाहिले.

दुधी वेलावरच वाळू दिला. हलविला की आत बिया खुळखुळत. पुढे माघात मातोश्री निवर्तल्या.

यंदाच्या मृगात आम्ही त्याच बिया टोचल्या. श्रावणात पहिला दुधी लोंबला. सकाळी मांडवाखाली जाऊन त्यावर नख टेकले. ते सहज रुतले. तो तेव्हाच उतरविला, अर्धा घरी ठेवला आणि अर्धा शेजारी धाडला. कोणी येतो म्हणाले, तर आता आम्ही मांडव भरण्याची वाट पाहत नाही. कोपऱ्यातला एकच दुधी काय तो वेलावर राखला आहे, तो बियाला.