दहा नंबरचा पाना

आयुष्यात मी जितका चहा गॅरेजसमोरच्या बाकावर बसून प्यायलो, तितका सासुरवाडीतही प्यायलो नसेन. आधी लूना होती, मग किनेटिक होंडा. मी बँकेतला, म्हणून सांगलीतले आमचे मिस्त्री मला साहेब म्हणत. गाडी पिकअप घेत नाही म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "कचरा आला असंल साहेब. बसा तुम्ही, चहा सांगतो." वाकून बघायला गेलो तर म्हणत, "हात काळे हुतील." लूनाचा सायलेन्सर काढून ते शेगडीत लाल करत आणि ठोकून ठोकून आतला कार्बन पाडत. तेही मी कपबशी हातात धरून लांबूनच पाहिलं. बिल द्यायचं, किक मारायची, घरी यायचं. चाळीस वर्षं माझ्या नखांत ग्रीस गेलं नाही आणि मला ते भूषणही वाटे.

हात पहिल्यांदा काळे झाले ते सदुसष्टाव्या वर्षी, जॉर्जियात.

अटलांटाच्या नैर्ऋत्येला पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. १९५९ साली स्थापन झालेलं, आखून वसवलेलं. तिथे मोटारींच्या रस्त्यांखेरीज झाडीतून जाणाऱ्या वेगळ्या वाटा आहेत, सगळ्या मिळून १०० मैलांहून जास्त. पायी चालणारे, सायकलवाले आणि गोल्फ कार्ट यांच्यासाठी. हायवे आडवा आला की वाट खालून बोगद्यातून नाहीतर वरून पुलावरून जाते. माणसं वाणसामानाला कार्टमधून जातात, तळ्यावर जातात. मॅकिंटॉश हायस्कूलच्या आवारात तर पोरापोरींच्या कार्ट रांगेने लागलेल्या असतात. यांतले गोल्फ किती जण खेळतात, देव जाणे. कार्ट बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांचे कारखानेही याच राज्यात आहेत, दोन ऑगस्टाच्या बाजूला आणि यामाहाचा शेजारच्या न्यूननमध्ये.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे सहा महिने राहायला गेलो. हिचे गुडघे तेव्हा फार दुखत, म्हणून जावयांनी ओळखीतून एक जुनी कार्ट घेतली, १९९७ सालची, गॅसवर चालणारी. हिने सीटखाली सिलिंडर शोधला. तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात हे कळल्यावरही आठवडाभर तिने त्या सीटवर जरा बिचकतच बसून काढला.

या कार्टची एक गंमत असते. पेडल दाबलं की इंजिन सुरू होतं, सोडलं की बंद. गिअर बदलावे लागत नाहीत, किनेटिक होंडात होता तसाच पट्टा आणि दोन पुल्या. इंजिन फिरेल तसा पट्टा पुलीवर चढत जातो आणि गाडी वेग घेते. आमची कार्ट घरापासून तळ्यापर्यंत झकास जाई. परतताना मात्र बोगद्यातून वर येणाऱ्या चढावर तिचा दम जाई. पेडल तळाला टेकलेलं आणि गाडी रांगतेय. एकदा कुत्रं फिरवणाऱ्या बाई आम्हाला मागे टाकून गेल्या. कुत्र्याने वळून पाहिलं. वर पोचून पाच-सात मिनिटं कोणाशी बोलत थांबलो की पुढे पुन्हा नीट चाले. हे थांबल्यावर सुधारणं मी सगळ्यांना सांगत होतो, पण त्यात काही अर्थ असेल असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

एका दुकानात फोन केला. गाडी न बघताच तिथल्या मुलाने कार्बोरेटर, पट्टा आणि क्लच बदलायला सांगितला. सहाशे डॉलर, मजुरी वेगळी. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? इलेक्ट्रिकच घेऊन टाकू." त्यांचं चुकत नव्हतं. लेकीच्या घरी मला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नसत. तिथला बाक जरा मऊ होता, एवढाच फरक.

समोरच्या घरात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ एकटे राहत. जन्मभर विमानांचे मेकॅनिक, आता निवृत्त. तिकडे दक्षिणेत मोठ्यांना सर म्हणायची रीत आहे. मी त्यांना सर म्हणे, ते मला सर म्हणत. नाव विचारायची वेळच महिनाभर आली नाही. कार्ट रांगत घरी येताना त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन आले. सीट उचलून उभी केली. इंजिन तिच्याखालीच असतं. मी सवयीने बसायला खुर्ची शोधू लागलो, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात पाना ठेवला. दहा नंबरचा. म्हणाले, इंजिन जपानी आहे, त्याला मिलिमीटरचे पाने. सांगाडा अमेरिकन, त्याला इंचांचे. हे घोळ केले नाहीत तर बाकी सोपं आहे. आणि स्वतःचे दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. पुढचे आठ दिवस ते हात फारसे बाहेर आले नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काही उघडूच दिलं नाही. न्यूट्रलला टाकून कार्ट ढकलायला लावली. सहज पुढे गेली. मग एक फेरी मारून आल्यावर मागच्या चाकांच्या मध्यावर हात लावायला सांगितला. गार होती. म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत, इंजिनाला उगीच ओझं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा पाहिला. भेगा नाहीत, कडा गुळगुळीत चकाकणाऱ्या नाहीत. एअर फिल्टर झटकला. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवण्याची युक्ती कोणीतरी जावयांना सांगितली होती. ते ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की तो वरचा वेग अडवतो, चढावरची ओढ कशी अडवेल?

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या चढावर गेलो. गाडी मरगळली. त्यांनी चोकची मूठ अर्धी ओढायला सांगितली आणि काय आश्चर्य, तिने थोडा जोर धरला. घरी येऊन प्लग काढला तर टोक फिकट, जवळजवळ पांढरं. पुरेसं पेट्रोल मिळतं तेव्हा ते चहाच्या रंगाचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. इंजिन आजारी नव्हतं, उपाशी होतं. दुकानवाल्याच्या यादीतला पट्टा आणि क्लच तिथेच गळले, एक पैसा न घालता.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट. फिल्टर नवा घातला. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला काकवीसारखा तपकिरी थर. तिकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोलचा असा चिकटा होतो. जेट काढताना माझ्या बोटांतून निसटला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असेल. मी धावत जाऊन नातीचं चुंबक आणलं. समोरचे आजोबा पहिल्यांदा मोठ्याने हसले. जेट पितळेचा, चुंबकाला कुठला लागायला! अर्धा तास मी गॅरेजच्या फरशीवर रांगत होतो आणि ही दारात उभी राहून "अहो, कंबर!" म्हणत होती. सापडला, झाडूच्या केसांत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी पांढरी चादर आणून खाली अंथरली.

सगळं बसवलं. पेडल दाबलं. पहिली दहा मिनिटं अशी पळाली की मी जावयांना फोन करून मिरवलं. बोगद्याच्या चढावर पुन्हा रांगायला लागली.

मी खट्टू झालो होतो. आजोबा शांत. म्हणाले, उतरा, टाकीचं झाकण हळूच सैल करा आणि कान जवळ न्या. मी झाकण फिरवलं. आत हवा खेचली गेल्याचा आवाज आला, बरणीचं घट्ट झाकण उघडताना येतो तसा. पुन्हा बसलो आणि कार्ट चढ चढून गेली, जणू काही झालंच नव्हतं.

पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा शिरायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की आत पोकळी होते, आणि या गाडीचा पंप विजेवरचा नव्हे, इंजिनाच्या पोटातल्या हवेच्या धक्क्यांवर चालणारा. त्या पोकळीविरुद्ध ओढायची त्याची ताकद नाही. थांबलं की हवा हळूहळू झिरपते, म्हणून पाच मिनिटांनी गाडी बरी. पहिल्या दिवसापासून मी तेच तर सांगत होतो! झाकण उलटं करून टाचणीने टोकरलं तर माती निघाली. कुंभारीण माशीचं काम. आजोबा म्हणाले, लहान विमानांच्या टाक्यांची भोकं ही माशी अशीच लिंपते, त्यांनी जन्मभर ती माती काढली आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "सर, तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं?"

"संशय होता," ते म्हणाले. "पण आठवडाभर मला काही उद्योग नव्हता. तुम्हालाही नव्हता."

याचे पैसे कसे देणार? मी पन्नास डॉलर पाकिटात घालून नातीबरोबर पाठवले, ते तिच्याच हाती परत आले. हिने पुरणपोळी दिली, ती मात्र ठेवून घेतली. त्यांनी मला कार्ट दुरुस्त करून दिली असती तर मी आभार मानून मोकळा झालो असतो. ज्या वयात सगळे प्रेमाने हातातली वस्तू काढून घेतात, त्या वयात या माणसाने माझ्या हातात वस्तू दिली. आमच्याकडे अशा गोष्टीला पूर्वजन्मीचं देणंघेणं म्हणतात हे मी त्यांना माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, मग मागच्या जन्मी झाकण कोणाचं बुजलं होतं?

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाना परत द्यायला गेलो. घेतला नाही. दहाचा पाना सगळ्यांचाच हरवतो, म्हणून आपण सात घेऊन ठेवलेत, म्हणाले. तीन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ते दुसऱ्या राज्यात मुलाकडे राहायला गेले होते आणि समोरच्या घरात नवं कुटुंब होतं. त्यांच्या दारात इलेक्ट्रिक कार्ट.

पाना सांगलीत माझ्या स्कूटरच्या डिकीत असतो. मिस्त्री गेले, आता गॅरेज त्यांचा मुलगा बघतो. गाडी पिकअप घेत नाही म्हटलं की तोही चहा सांगतो. मी उभ्याने पितो.