जमुना-प्रपाताची वाट

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्यालगत, मिहान नांवाची नवी वस्ती उभी राहिली आहे. हें नांव कोणा ऋषीचें अथवा ग्रामदेवतेचें नव्हे. विमानतळ व मालवाहतूक यांच्या एका मोठ्या योजनेच्या लांबलचक इंग्रजी नांवांतील आद्याक्षरें जोडून तें बनलें आहे. एके काळीं जेथें शेतें होतीं तेथें आज संगणकाच्या कचेऱ्या, 'एम्स'चें रुग्णालय आणि उंचच उंच इमारती आहेत. अशाच एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड आहे. खिडकींतून विमानें मनसोक्त दिसतात. डोंगर मात्र औषधालाही नाहीं. त्यामुळें माझ्या सात वर्षांच्या नातवानें एके दिवशीं, "आजोबा, रात्रीं धबधबा बंद कोण करतो?" असा प्रश्न केला, तेव्हां मला प्रथम हंसूं आलें आणि मागाहून थोडें वाईट वाटलें. नळापलीकडचें पाणी या मुलानें पाहिलेंच नव्हतें. दसऱ्यानंतर सुट्टी काढून पचमढीस जावयाचें, हें त्याच दिवशीं ठरलें.

पचमढी आम्हां नागपूरकरांस परकी नाहीं. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, त्या काळीं उन्हाळा आला कीं सरकारचा मुक्काम पचमढीस हालत असे. 1956 सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि पचमढी मध्यप्रदेशांत राहिली. सरकारी दप्तरांचा संबंध तुटला, पण माणसांचा तुटला नाहीं. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीस जाणारे कितीतरी यात्रेकरू अजून विदर्भांतलेच असतात.

आमच्या घराचाही या गांवाशीं जुना ऋणानुबंध आहे. माझे आजोबा सेक्रेटरिएटांत कारकून होते. 1930 च्या आसपास तीन उन्हाळे ते साहेबाच्या कचेरीबरोबर पचमढीस राहिले, आणि आजीही बरोबर होती. आजोबा 'बी फॉल'चें वर्णन असें रंगवून सांगत कीं, ऐकणाऱ्याच्या अंगावर तुषार उडावेत. लहानपणीं मीं एकदां आजीला विचारलें, "तूं पाहिलास का ग तो धबधबा?" ती भाकरी थापतां थापतां म्हणाली, "मी कुठली पाहणार? कडेवर तुझा बाप. वाट उतरणीची. मंडळी म्हणालीं, तूं कशाला येतेस, आम्ही येऊन सांगूं." तीन उन्हाळे राहून तिनें तो प्रपात पाहिला नव्हता! त्या वेळीं मला त्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं.

असो. पहांटे निघून आम्ही सहाजणें सावनेरच्या रस्त्याला लागलों. मिहानपासून पचमढी सुमारें अडीचशे किलोमीटर. सौंसरच्या बाजूस संत्र्यांच्या बागा लागतात, आणि राज्याची सीमा ओलांडली तरी कानांवर मराठीच येत राहते. पुढें सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, मग तामिया. तेथें रस्त्याच्या कडेला उभें राहिलें कीं सातपुड्याच्या निळ्या रांगा एकीमागें एक उलगडत जातात. नातू तेथें प्रथमच गप्प बसला. मटकुलीहून वळणांचा रस्ता चढूं लागला, हवा गार झाली, आणि दुपारीं आम्ही पठारावर पोंचलों.

हें पठार हजार मीटरांहून थोडें अधिक उंच आहे. त्याच्या जवळचें धूपगड हें सातपुड्यांतील सर्वांत उंच शिखर. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा व अग्निजन्य. येथला वालुकाश्म, तांबूस-पिवळा, थराथरांचा. पाण्यानें तो कापून काढला आहे व त्यांत खोल घळी पाडल्या आहेत. म्हणून येथें एक मौज होते. सह्याद्रींत आपण पायथ्याशीं उभे राहून मान वर करून धबधबा पाहतों. येथें वस्ती वर पठारावर आणि धबधबे खालीं दरींत. अर्थात् जातांना उतार आणि येतांना चढ. सोपा भाग आधीं, कठीण भाग मागाहून. संसारांत उधारीचा जो प्रकार, तोच या वाटेचा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही जीप करून 'बी फॉल'च्या वाटेच्या तोंडाशीं गेलों. त्यास आतां जमुना-प्रपात म्हणतात. दुरून त्याचा आवाज मधमाश्यांच्या गुंजारवासारखा येतो म्हणून इंग्रजी नांव पडलें, असें सांगतात. तेथून पायऱ्यांची वाट रानांतून खालीं जाते. पायऱ्या दिसतांच चिरंजीव आईला म्हणाला, "आई, तुझे गुडघे आहेत. तूं इथेंच सावलींत बस. आम्ही तासाभरांत येतों." सुनेनें पिशवींतून सतरंजी काढली. मीही मोठ्या समजूतदारपणें म्हणालों, "खरेंच, तूं कशाला त्रास घेतेस? आम्ही येऊन सगळें सांगूं."

हिनें माझ्याकडे एकवार पाहिलें. आवाज मुळींच न चढवतां ती म्हणाली, "तुमच्या आजींनाही हेंच सांगितलें होतें ना?"

मला उत्तर सुचलें नाहीं. मुलाला ती गोष्ट ठाऊक नव्हती. ती मीं तेथेंच, वाटेच्या तोंडाशीं उभ्यानें सांगितली. सुनेनें कांहीं न बोलतां सतरंजी घडी करून पिशवींत ठेवली आणि सासूबाईंच्या हातीं काठी दिली. "आई, तुम्ही पुढें चला," ती म्हणाली, "तुमच्या मागून आम्ही."

याप्रमाणें आमची वरात निघाली. सर्वांपुढें हिची काठी आणि तिच्या वेगानें आम्ही सारे. पंचवीस पायऱ्या झाल्या कीं दोन मिनिटें थांबावयाचें, असा हिचा नियम. पायऱ्या मोजण्याचें काम अकरा वर्षांच्या नातीकडे होतें. परंतु तिचा हिशेब दर विसाव्याला चुके आणि पुन्हां एकपासून सुरू होई. पहिल्या पहिल्यांदा मला हें थांबणें जाचक वाटलें. पण थांबल्यामुळेंच साल आणि जांभूळ यांच्या पानांतला फरक मुलांना दाखवितां आला. थांबल्यामुळेंच एका उंच फांदीवर तांबूस झुपकेदार शेपटीचें शेकरू दिसलें. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हें मुलांनीं पुस्तकांत वाचलें होतें; त्यांना त्याची भेट मात्र मध्यप्रदेशांत झाली! आमच्या शेजारून कितीतरी तरुण मंडळी धांवत खालीं गेलीं. त्यांपैकीं एकानेंही मान वर केली नाहीं.

शेवटच्या वळणावर गुंजारव थांबला आणि गर्जना ऐकूं आली. समोर उभ्या कातळावरून पाण्याची शुभ्र धार कोसळत होती. खालीं तिचे सहस्र तुकडे होऊन वाऱ्याबरोबर आमच्या अंगावर येत होते. नातू आजीचा हात धरून कांठाच्या उथळ पाण्यांत उभा राहिला आणि बराच वेळ वर पाहून म्हणाला, "आजी, हा बंदच होत नाहीं!" पठारावरच्या गांवाला पिण्याचें पाणी याच प्रवाहाचें मिळतें, हें मीं त्याला सांगितलें, नळाचा उगम त्यानें त्या दिवशीं पाहिला. हिनें ओंजळभर पाणी घेतलें, डोळ्यांना लावलें आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हें आजींच्या नांवाचें."

आतां उधारी फेडण्याची वेळ आली. उतरण्याच्या भरांत मीं मुलांबरोबर पाण्यांत बरीच धांवपळ केली होती, तिचें फळ निम्म्या चढावर मिळालें. छाती भात्यासारखी चालूं लागली आणि मी एका दगडावर बसलों. हिची काठी मात्र पूर्वीच्याच चालीनें, पंचवीस पायऱ्या आणि विसावा, पंचवीस पायऱ्या आणि विसावा, अशी वर येत होती. माझ्याजवळ येऊन ती थांबली आणि म्हणाली, "बसा तुम्ही सावलींत. आम्ही वर जाऊन सगळें सांगूं." मुलें खदखदून हंसलीं, मीही हंसलों. पण ती वर गेली नाहीं. शेजारीं बसली, आणि माझा दम शांत झाल्यावर आम्ही दोघें बरोबरच उठलों.

सहकुटुंब जाणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. पाणी भरपूर असतें तें पावसाळा सरल्यावर. वाट उघडी आहे कीं नाहीं याची मात्र आधीं चौकशी करावी. सकाळीं लवकर निघावें. चपला नकोत, घट्ट बूट हवेत. ओला कातळ शेंवाळलेला असतो, मुलांचा हात सोडूं नये. खाण्याचे जिन्नस बंद पिशवींत ठेवावे, वानरें टपलेलीं असतात. आणि नेलेला कचरा परत आणावा. सर्वांत मुख्य म्हणजे, घरांतील ज्याची चाल सर्वांत मंद त्याला सर्वांपुढें ठेवावें. मग वाट कितीही उतरणीची असो, वर सावलींत कोणालाही बसवून जाण्याची पाळी येत नाहीं.