टोकियो पाहू इच्छिणाऱ्या मित्रास पत्र





टोकियोला जाण्याचे स्वप्न बाळगणाऱ्याने आधी कोणते चित्रपट पाहावेत, या आपल्या पत्रातील प्रश्नाला चार नावे कळवून मोकळे होता आले असते. परंतु रोम किंवा पॅरिसच्या बाबतीत जे उत्तर पुरते ते टोकियोच्या बाबतीत पुरत नाही. रोमच्या चित्रपटात दिसलेला कारंज्याचा चौक आजही बव्हंशी तसाच उभा असतो आणि प्रवाशाला तेथे जाऊन पडद्यावरचे दृश्य प्रत्यक्षाशी ताडून पाहता येते. टोकियो मात्र चाळीस-एकेचाळीस वर्षांच्या अवधीत तीनदा नव्याने उभे राहिले : १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप आणि त्यामागून पेटलेल्या आगी यांनी पहिल्यांदा, मार्च १९४५ मधील अमेरिकी बॉम्बवर्षावाने दुसऱ्यांदा (९ आणि १० मार्चमधल्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे दगावली), आणि १९६४ च्या ऑलिंपिकसाठी हाती घेतलेल्या बांधकामाने तिसऱ्यांदा. त्यामुळे या शहराचे जुने चित्रपट पाहणे म्हणजे पुष्कळदा नाहीशा झालेल्या वस्तीचे दप्तर चाळणे होय. ज्या दिग्दर्शकांनी प्रेक्षणीय स्थळांकडे पाठ फिरवून घर, गल्ली आणि कचेरी यांच्याकडे पाहिले, त्यांनीच हे दप्तर नीट राखले, असे प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन आहे.

मराठी वाचकाच्या मनातील टोकियो मुख्यतः दोन वाटांनी आले. एक वाट पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनाची, आणि दुसरी, अधिक रहदारीची, १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’ या हिंदी चित्रपटाची. आशा पारेख यांच्या केशरचनेमुळे दोन मण्यांच्या रबराला घरोघरी त्या चित्रपटाचेच नाव पडले. शहराविषयी मात्र त्या चित्रपटाकडून फारशी माहिती मिळत नाही, आणि तशी अपेक्षा त्याच्या कर्त्यांनीही कोणाच्या मनात निर्माण केली नव्हती.

जपानी दिग्दर्शकांचे चित्रपट पाहताना दोन संज्ञा ध्यानात असणे आवश्यक ठरते. सुमिदा नदीच्या आसपासचा पूर्वेकडील सखल भाग, जेथे जुन्या काळी कारागीर व लहान व्यापारी राहत, त्याला ‘शितामाची’ म्हणजे खालची वस्ती म्हणतात. पश्चिमेकडील उंचवट्याचा भाग, जेथे सामुराई सरदारांचे वाडे होते आणि पुढे नोकरदार मध्यमवर्ग स्थिरावला, त्याला ‘यामानोते’ असे नाव आहे. १८६८ मध्ये एदो या शहराचे टोकियो असे नामांतर झाले तरी ही विभागणी पुसली गेली नाही. पात्र कोणत्या भागात राहते हे कळताच जपानी प्रेक्षकाला त्याच्या परिस्थितीचा अंदाज येतो. परक्या प्रेक्षकाला तो मुद्दाम करून घ्यावा लागतो.

यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) हा दिग्दर्शक याच खालच्या वस्तीत, फुकागावा येथे जन्मला. त्याचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) हा चित्रपट ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ नियतकालिकाने २०१२ मध्ये दिग्दर्शकांकडून मागवलेल्या कौलात पहिला आला. ओनोमिची या दूरच्या बंदराच्या गावाहून शुकिची आणि तोमी हे वृद्ध दांपत्य टोकियोतील मुलांकडे येते. थोरला, डॉक्टर मुलगा ऐन वेळी रुग्णाकडे जातो, केशकर्तनालय चालवणाऱ्या मुलीला सवड नसते. युद्धात नाहीशा झालेल्या दुसऱ्या मुलाची विधवा पत्नी नोरिको तेवढी कचेरीतून रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखवते. एवढ्या मोठ्या नावाच्या चित्रपटात शहराचे दर्शन घडते ते पर्यटकांच्या बसमधून. मार्गदर्शिकेचा आवाज ऐकू येतो, उतारूंची डोकी बसच्या हेलकाव्याबरोबर एका तालात डुलतात, आणि पाहता पाहता प्रसंग संपतो. त्यानंतर गिंझा या बाजारपेठेतील एका मोठ्या दुकानाच्या उंच जिन्यावरून सासूसासरे थोरल्याचे घर कोठे आहे असे विचारतात, तेव्हा नोरिको एका दिशेला बोट दाखवते. तिच्या स्वतःच्या घराची चौकशी होते, तेव्हा दुसऱ्या दिशेला. एकाच कुटुंबातील माणसांची घरे या शहरात परस्परांपासून किती लांब गेली आहेत, हे त्या दोन दिशांतून कळते.

खरे टोकियो त्यानंतर नोरिकोच्या एका खोलीत दिसते. पाहुण्यांसाठी तिच्या घरी साके, म्हणजे तांदळाची दारू, नसते. ती शेजारणीकडून बाटली आणि प्याले मागून आणते, आणि मुंबईच्या चाळीत वाटीभर साखरेसाठी शेजारचे दार ठोठावणाऱ्या गृहिणीइतक्याच सहजपणे हा व्यवहार पार पडतो. ओझूचा कॅमेरा तातामीवर, म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली ठेवलेला असे आणि तो क्वचितच हलत असे. त्यामुळे खोलीत कोण कोठे बसते, कोण उठते आणि कोण जागा देते याला असाधारण महत्त्व येते. शहराविषयी बोलण्याची ही रीत मंद वाटण्याचा संभव आहे आणि पहिल्या अर्ध्या तासात अनेक प्रेक्षक चुळबुळतात हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नोरिकोच्या खोलीपर्यंत पोचलेला प्रेक्षक सहसा मधून उठत नाही.

ओझूच्या टोकियोत वरचेवर दिसणारी दुसरी वस्तू म्हणजे धुराडी. धुराड्यांवरच बेतलेला ‘जेथून धुराडी दिसतात’ अशा अर्थाच्या नावाचा हेइनोसुके गोशो यांचा चित्रपटही १९५३ चाच आहे. सेंजू येथील औष्णिक वीजकेंद्राची चार धुराडी बघणाऱ्याच्या जागेनुसार कधी चार, कधी तीन, कधी दोन आणि कधी एकच दिसत, म्हणून लोक त्यांना भुताची धुराडी म्हणत. गोशो यांनी त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या, पातळ भिंतींआडून एकमेकांचे सर्व काही ऐकणाऱ्या कुटुंबांची हकिकत सांगितली. ती धुराडी १९६४ मध्ये पाडण्यात आली.

अकिरा कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’मध्ये (१९४९) शहर उन्हाळ्यात उकडत असते. एका तरुण पोलिसाचे पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला जाते आणि सैन्यातून सुटलेल्या बेकार जवानाचा वेश करून तो ते शोधत काळ्या बाजारातून वणवण फिरतो; शिधापत्रिका गहाण ठेवली की भाड्याने पिस्तूल मिळते, हा तपशील पराभूत देशाच्या अवस्थेवर पुरेसे भाष्य करतो. या भटकंतीची पुष्कळशी दृश्ये इशिरो होंडा या सहायकाने खऱ्या बाजारांत कॅमेरा लपवून टिपली. याच होंडा यांनी पुढे ‘गोजिरा’ (परदेशी उच्चारानुसार ‘गॉडझिला’) दिग्दर्शित केला. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्याच घटनेच्या छायेत ३ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. त्यातील राक्षसी प्राणी गिंझामधील वाको दुकानाचा घड्याळाचा मनोरा पाडतो. १९३२ मध्ये बांधलेली ती इमारत खऱ्या बॉम्बवर्षावातून वाचली होती आणि आजही उभी आहे. मार्च १९४५ ची रात्र पाहिलेल्या प्रेक्षकांपुढे नऊ वर्षांनी शहर पुन्हा जळताना दाखवणारा हा चित्रपट केवळ बालरंजनाच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे.

गिंझाची दुसरी बाजू मिकिओ नारुसे यांच्या ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’मध्ये (१९६०) आहे. मद्यगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या, आणि म्हणून ‘मामा’ म्हणवल्या जाणाऱ्या, विधवेची भूमिका हिदेको ताकामिने यांनी केली असून ती रोज संध्याकाळी मनाविरुद्ध जिना चढते, एवढेच तिचे टोकियो. हा चित्रपट अकारण दुर्लक्षित राहिला आहे.

१९६४ च्या उलथापालथीची नोंद कोन इचिकावा यांच्या ‘टोकियो ऑलिंपियाड’ (१९६५) या माहितीपटात आरंभीच मिळते : खेळाडू दिसण्यापूर्वी जुन्या इमारती पाडणारा लोखंडी गोळा दिसतो. शहराचे केंद्र मानला गेलेला निहोनबाशी हा १९११ चा दगडी पूल याच सुमारास उन्नत द्रुतगती मार्गाखाली झाकला गेला. आंद्रेई तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाला ‘सोलारिस’साठी (१९७२) भविष्यकाळातील शहर हवे होते, तेव्हा त्याने कोणताही देखावा न उभारता टोकियोच्या द्रुतगती मार्गांवर धावणाऱ्या मोटारीतून दृश्य टिपले. जुने टोकियो शोधणाऱ्यांना ज्या मार्गांचा विषाद वाटतो त्यांतच दुसऱ्याला उद्याचे जग दिसावे, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

परदेशी दिग्दर्शकांपैकी सोफिया कोपोला यांचा ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (२००३) सर्वांत प्रसिद्ध आहे. शिंजुकूतील एका उंच हॉटेलात झोप न येणाऱ्या दोन अमेरिकी माणसांचा एकाकीपणा त्यात नेमका उतरला आहे, परंतु काचेपलीकडील जपानी माणसे बहुतांशी विनोदापुरतीच येतात. तो हॉटेलाचा उत्तम चित्रपट आहे, शहराचा नव्हे. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाने अधिक श्रम घेतले. ओझूचे शहर उरले आहे काय, हे पाहण्यासाठी तो १९८३ मध्ये टोकियोत आला आणि ‘टोकियो-गा’ या माहितीपटात त्याला पाचिंको नावाच्या छऱ्यांच्या जुगाराचे अड्डे, गच्चीवरचे गोल्फ आणि उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटांतील मेणाचे पदार्थ सापडले. चाळीस वर्षांनी त्यानेच केलेल्या ‘परफेक्ट डेज’चा (२०२३) नायक शिबुया भागातील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करतो. त्याचे आडनाव हिरायामा, म्हणजे ‘टोकियो स्टोरी’तील कुटुंबाचेच आहे. तो ६३४ मीटर उंचीच्या ‘स्कायट्री’ मनोऱ्याच्या पायथ्याशी, खालच्या वस्तीत राहतो, पहाटे द्रुतगती मार्गाने पश्चिमेकडील श्रीमंत भागात कामाला जातो आणि दुपारनंतर परतून जुन्या सार्वजनिक स्नानगृहात अंग धुतो. शितामाची आणि यामानोते यांतील अंतर त्याच्या रोजच्या फेरीतून मोजता येते. नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेल्या त्या स्वच्छतागृहांच्या प्रसिद्धीच्या हेतूतून हा चित्रपट उगम पावला, आणि ती पडद्यावर संशय यावा इतकी स्वच्छ दिसतात, ही त्याची उणीव होय. कोजी याकुशो यांच्या अभिनयाला, ज्यासाठी कान महोत्सवात पारितोषिक मिळाले, तिची बाधा होत नाही.

त्या उणिवेवर उतारा म्हणून हिरोकाझु कोरेएदा यांचा ‘शॉपलिफ्टर्स’ (२०१८) पाहावा. उंच इमारतींच्या बेचक्यात अडकलेल्या एका मोडक्या घरातील माणसे उन्हाळ्याच्या रात्री ओसरीवर येऊन आतषबाजीचे आवाज ऐकतात. आकाशाच्या त्यांच्या वाट्याच्या तुकड्यात ती दिसत नाही. स्वतःच्याच शहरातील सोहळा काहींना केवळ कानांनी अनुभवावा लागतो, हे कोणतीही पर्यटनपुस्तिका सांगत नाही.

तेव्हा विनंती अशी की, आरंभ ‘टोकियो स्टोरी’ने करावा, तो जड वाटल्यास ‘स्ट्रे डॉग’ने; ‘परफेक्ट डेज’ मात्र ओझूनंतरच पाहावा. प्रत्यक्ष जाण्याचा योग आलाच, तर शिबुयाच्या प्रसिद्ध चौकासाठी एक संध्याकाळ पुरे. बाकीचे दिवस सुमिदा नदीच्या पूर्वेकडे राखून ठेवावेत.