फायटरचे घर

बाजारात फायटर मासा लहानशा बरणीत विकतात. तो वर येऊन हवाही घेतो, म्हणून बरणीत तग धरतो. पण तेवढ्याला जगणे कसे म्हणावे? आम्ही उभयतांनी पैसे साठवून २० लिटरची काचेची टाकी आणली. धाकटीला मासा त्याच दिवशी हवा होता. आम्ही समजावले, बाळ, माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. स्पंजच्या फिल्टरवर ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मग नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवून, रोज चिमूटभर खाद्य कुजायला टाकून आम्ही माशाविना टाकी चालवली. तपासणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हाच मासा सोडला. तोवर धाकटीने कॅलेंडरवर ३६ खुणा केल्या होत्या.